धाक पाहिजे, धाक!

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या माणसांनी मला एकच वाक्य ऐकवलं. सोमवारी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी, बुधवारी हापिसाखालच्या टपरीवर आमच्या टीम लीडने आणि शुक्रवारी रात्री फोनवर खुद्द आमच्या तीर्थरूपांनी. वाक्य असं : "अरे, धाक पाहिजे, धाक!"

काका माझ्या कुत्रीबद्दल बोलत होते, टीम लीड नवीन भरती झालेल्या फ्रेशर पोरांबद्दल आणि बाबा माझ्या भाच्याबद्दल. विषय तीन, औषध एकच. तिघांनाही मी 'हं' म्हणून वाटेला लावलं, कारण मोठ्या माणसांशी वाद घालायची माझी हिंमत होत नाही. (का होत नाही, ते पुढे येईलच.) पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यात वळवळतंय. आज शनिवार आहे, रूममेट गावाला गेलाय, चहाचा दुसरा कप समोर आहे, तेव्हा मंडळी, आज सगळं ओकून टाकतो. ज्यांना कुत्र्यांत काडीचाही रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. कुत्रं हे निमित्त आहे.

तर आमच्या भिंगरीची गोष्ट.

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बांधकामाच्या साइटवर ही सापडली. गल्लीतल्या कुत्र्यांना रोज भात घालणाऱ्या एक काकू आहेत, त्यांना ती दिसली. सळया बांधायला वापरतात ती बाइंडिंग वायर कोणीतरी तिच्या गळ्यात पिळून एका खांबाला बांधून ठेवली होती. किती दिवस, देव जाणे. तार कातडीत रुतून बसली होती आणि पाठीवर जुने वळ होते. तिथून डॉक्टर, टाके, सलाइन, मग नसबंदी, रेबीजची लस आणि शेवटी "अरे, तू एकटाच असतोस ना, पंधरा दिवस ठेवशील का?" हा काकूंचा प्रश्न. पंधरा दिवस! त्या पंधरा दिवसांना आता दोन वर्षं उलटून गेली.

नाव काकूंच्या मुलीने ठेवलं. जी कुत्री जागची इंचभर हलत नव्हती तिचं नाव भिंगरी. पोरांना विनोदबुद्धी असते.

पहिले चार आठवडे भिंगरी ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे राहिली. भुंकली नाही, कुरकुरली नाही, काही कुरतडलं नाही. मी झोपल्यावर रात्री दोन-तीनला येऊन जेवायची आणि परत मागे. उचलून दुसरीकडे ठेवलं तर ठेवल्या जागी तशीच बसायची, डोळे भिंतीकडे. येणारा जाणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, "किती शहाणी आहे हो! नाहीतर आमच्या मेव्हण्यांचं लॅब्रेडॉर, सोफा फाडून ठेवला." मीही मान डोलावून म्हणायचो, हो ना, फारच गुणी. हापिसात फोटो दाखवायचो. आता आठवलं की कानशिलं तापतात.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टर मॅडमना मी हेच कौतुक सांगितलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. शेपूट पोटाशी, कान मागे, जीभ सारखी ओठांवर फिरतेय, अंग ताठ, हातातला चिकनचा तुकडा नाकासमोर धरला तरी बघत नाही. मग म्हणाल्या, "ही शहाणी नाही. ही बंद पडलीये."

माझ्या धंद्यातल्या माणसाला हे तरी लगेच कळायला हवं होतं. सर्व्हर हँग झाला की तोही आवाज करत नाही. स्क्रीनवर एकही एरर नसते. म्हणून कोणी "काय गुणी सर्व्हर आहे" असं म्हणत नाही!

घरी येऊन मी वाचायला लागलो, आणि सगळ्यात आधी जे हाती लागलं ते नेमकं कुत्र्यांवरचंच होतं. १९६७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोघांनी एक प्रयोग केला. (क्रूर होता, आज कोणी करू देणार नाही.) त्यातले कुत्र्यांचे दोन गट महत्त्वाचे. दोघांनाही विजेचे सारखेच झटके. फरक एवढाच की पहिल्या गटातल्या कुत्र्याने डोक्याने एक फळी दाबली की झटका थांबायचा, दुसऱ्याने काहीही केलं तरी थांबायचा नाही. नंतर या सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधली बुटकी आडकाठी ओलांडली की झटक्यातून सुटका. पहिल्या गटातली कुत्री टुणकन उडी मारून पलीकडे गेली. दुसऱ्या गटातली बहुतेक जागीच आडवी पडली आणि कण्हत झटके खात राहिली. सुटकेचा रस्ता डोळ्यांसमोर, पण आपल्या करण्याने काही बदलतं यावरचा विश्वासच उडालेला. याला त्यांनी 'शिकलेली असहायता' असं नाव दिलं आणि मानसशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात तो प्रयोग गेला.

पण खरी गंमत पुढे आहे. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी पुन्हा निबंध लिहिला आणि सांगितलं की आम्ही ते उलटं वाचलं होतं. मेंदूतल्या यंत्रणेचा अभ्यास झाल्यावर दिसलं, की सतत मार बसला की गप्प पडून राहणं ही शिकावी लागणारी गोष्ट नव्हेच, ती मूळ प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते दुसरंच : 'मी काही केलं तर फरक पडतो', हे.

हे वाचून मी वॉशिंग मशीनकडे बघत बसलो. म्हणजे जिला मी चार आठवडे 'शहाणी' म्हणत होतो ती प्रत्यक्षात दुसऱ्या गटातली होती. आणि आपल्या भाषेत या अवस्थेला कौतुकाचे किती शब्द आहेत बघा. शहाणा. गुणी. गरीब. 'अगदी गाय आहे.' 'घरात आहे हे कळतसुद्धा नाही.' यातला प्रत्येक शब्द माणसांच्या पोरांनाही आपण लावतो, सुनांना तर हमखास. ज्याचा आपल्याला त्रास होत नाही तो चांगला, इतकी साधी व्याख्या आहे आपली. त्याला काय होतंय हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

असो. पुढे.

दुसऱ्या महिन्यात भिंगरी बाहेर यायला लागली. हॉलच्या कोपऱ्यात चटईवर बसायची, आणि एक दिवस मी तिच्या ताटलीकडे हात नेला तर गुरगुरली. पहिला आवाज! आज मला कळतं की त्या दिवशी पेढे वाटायला हवे होते. जी कुत्री काहीच बोलत नव्हती तिने पहिल्यांदा 'नको' म्हटलं होतं. पण तेव्हा माझं टाळकं सटकलं. ज्या ताटात खाते त्याच ताटावरून मला गुरगुरते? रूममेट (हा नागपूरचा) म्हणाला, "काय बे, आता डोक्यावर चढते का ही?" तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "धाक नाही तुझा." मग मी एका ट्रेनरला बोलावलं.

हे गृहस्थ तासाला हजार रुपये घ्यायचे. येताना साखळीचा फास घेऊन आले, ओढला की आवळणारा. म्हणाले, कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या टोळीत एक अल्फा असतो, तो बाकीच्यांना दाबून ठेवतो, तुम्ही अल्फा झाला नाहीत तर ती होईल. गुरगुरली की लगेच झटका. तुम्ही आधी जेवायचं, तिने नंतर. दारातून आधी तुम्ही. ऐकायला फार छान वाटतं हो हे! दिवसभर हापिसात कोणी विचारत नाही, घरी आल्यावर निदान अल्फा.

ज्या कुत्रीच्या गळ्यात तार रुतली होती, तिच्याच गळ्यात मी फास घातला. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

आता या अल्फा प्रकरणाची जन्मकथा ऐका. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या स्विस संशोधकाने बंदिस्त लांडग्यांचा अभ्यास करून लिहिलं की ते वरचढ होण्यासाठी आपापसात झगडतात. १९७० मध्ये डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाने लांडग्यांवर पुस्तक लिहिलं आणि ही कल्पना सगळीकडे पोचवली. पण पुढे मेक स्वतः मोकळ्या रानातल्या लांडग्यांमागे वर्षानुवर्षं फिरला आणि त्याला दिसलं की टोळी म्हणजे साधं कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पिल्लं. 'अल्फा' म्हणजे फक्त आईबाप. १९९९ मध्ये त्याने तसा निबंध लिहिला आणि आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला. म्हणजे अनोळखी कैदी एका कोठडीत कोंडून त्यांच्या मारामारीवरून 'मनुष्यस्वभाव' ठरवावा, तसला हा प्रकार. ज्याने सिद्धांत गाजवला त्यानेच तो मागे घेतला, पण आमच्या ट्रेनरपर्यंत तो अपडेट पोचलेला नाही. आणि कुत्रा म्हणजे लांडगा नव्हेच, हजारो वर्षं माणसाच्या उकिरड्याशेजारी राहून घडलेला वेगळाच जीव आहे तो.

तरी ट्रेनरचा उपाय 'चालला' हे मान्य करायला हवं. तीन आठवड्यांत गुरगुरणं बंद. मी खूश, काका खूश. "बघ, सांगत नव्हतो?" आणि एका शनिवारी सकाळी माझा मोजा तिच्या पलंगाखालच्या जागेत गेला होता, तो काढायला मी हात घातला. आवाज नाही, इशारा नाही, काही नाही. मनगटाच्या वर चार दात.

नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली (हे लक्षात ठेवा मंडळी, कुत्रं कोणाचंही असो, पाळलेलं असो की रस्त्यावरचं, आधी साबण आणि वाहतं पाणी, हळद-चुना नाही, आणि मग ताबडतोब दवाखाना). इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घेतला. कुत्रीला लस दिलेली होती तरी घेतला. रेबीज एकदा झाला की उपाय नाही, तिथे हिशेब करायचा नसतो.

त्या रात्री अकरा वाजता मी काकूंना फोन लावायला मोबाईल हातात घेतला होता. वाक्यही ठरवलं होतं, "काकू, मला नाही जमणार, तुम्ही बघा दुसरं कोणी." भिंगरी परत वॉशिंग मशीनमागे होती. तिला दोन महिन्यांपूर्वीच्या जागी मीच नेऊन बसवलं होतं.

फोन केला नाही. त्यात काही थोरपणा नव्हता, काकू दहाला झोपतात एवढंच. पण त्या रात्री झोप लागली नाही आणि पहाटे कधीतरी डोक्यात ट्यूब पेटली. आमच्या कोडमध्ये काही महाभाग एक उद्योग करतात. प्रोग्रॅम कुठेतरी एरर देतो. ती का येते ते शोधायला वेळ लागतो, मग ते एरर पकडतात आणि तिचं काहीच करत नाहीत. रिकामा कॅच ब्लॉक. लॉग स्वच्छ, मॅनेजर खूश. आणि मग एक दिवस, सहसा शुक्रवारी संध्याकाळी, सगळी सिस्टिम कोसळते आणि कुठे काय बिघडलं याचा एक ओळभरही पुरावा नसतो. हे कोणी केलेलं दिसलं की मी कोड रिव्ह्यूमध्ये आकाशपाताळ एक करतो. आणि घरी मी तेच केलं होतं. गुरगुरणं हा कुत्र्याचा एरर मेसेज आहे. 'मला भीती वाटतेय, लांब हो.' मी भीती तशीच ठेवली आणि मेसेज बंद केला.

धाक एवढंच करतो. भीतीचं कारण काढत नाही, नवीन काही शिकवत नाही, फक्त आवाज बंद करतो. आणि आवाज बंद झाला की आपण म्हणतो, सुधारला.

दुसऱ्या दिवशी फास कचऱ्यात गेला आणि डॉक्टर मॅडमनी सांगितलेला रटाळ रस्ता मी धरला. त्यात टीव्हीवर दाखवण्यासारखं काही नाही. एकच उदाहरण देतो, झाडूचं. सकाळी आठला कामाच्या मावशी झाडू घेऊन आल्या की भिंगरी जागच्या जागी मुतायची. उपाय असा : झाडू इतका लांब ठेवायचा की तो तिला दिसेल पण ती चिकन खाऊ शकेल. खायचं थांबली म्हणजे आपण फार जवळ आलो. आधी झाडू दिसणार, मग चिकन. क्रम उलटा झाला तर चिकन बघूनच घाबरायला शिकेल! झाडू गेला की चिकन बंद. चिकन दाखवून तिला झाडूकडे ओढून न्यायचं नाही. ती पाहिजे तेव्हा उठून जाऊ शकली पाहिजे, दार उघडं. दिवसातून पाच मिनिटं, जास्त नाही.

आमच्या हॉलला दोन बाय दोनच्या फरश्या आहेत. सातव्या फरशीपासून सुरुवात केली. एक्सेलमध्ये नोंद ठेवली (हसू नका, सवय). सातवरून सहावर यायला अकरा दिवस लागले. दिवाळीच्या फटाक्यांनी चारवरून परत सहावर नेलं. त्या चार दिवसांत पडदे लावून, पंखा फुल्ल करून, मॅडमनी लिहून दिलेली गोळी देऊन मी तिच्याशेजारी बाथरूममध्ये बसलो होतो. लोक म्हणाले, घाबरल्यावर जवळ घेतलंस तर भित्री होईल. होत नाही. भीती म्हणजे काही बक्षिसासाठी केलेला खेळ नव्हे. फेब्रुवारीत झाडू एका फरशीवर आला.

हे काही मी शोधलेलं नाही, आणि नवीनही नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली होती. मूल आवडीचं खात बसलंय, ससा पिंजऱ्यात लांब, मग हळूहळू जवळ. शंभर वर्षं झाली. शंभर वर्षं आपल्याला भीती घालवायची रीत माहीत आहे आणि आपण अजून भीती घालायची रीत एकमेकांना शिकवतोय.

आता काकांचा युक्तिवाद. "म्हणजे काय, वाट्टेल तसं वागू द्यायचं?" अजिबात नाही. शिस्त वेगळी आणि धाक वेगळा. भिंगरी पट्ट्याशिवाय गेटबाहेर जात नाही. घरात लहान मूल आलं की ती माझ्या खोलीत, दार बंद. तोंडाला जाळी लावून घ्यायची तिला मी सवय केली आहे, डॉक्टरकडे जाताना ती लागतेच. लॅपटॉपचा चार्जर मी वर ठेवतो, ती कुरतडेल अशा जागी ठेवून मग तिला बदडत नाही. नियम भरपूर आहेत. फरक हा की नियम पाळण्यासाठी तिला माझी भीती वाटावी लागत नाही.

आणि दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही माझं भांडण आहे बरं का, 'प्रेम द्या, सगळं ठीक होईल' म्हणणाऱ्यांशी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी ११ तारखेला दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा म्हटलं, मग २२ तारखेला तो आदेश बदलून नसबंदी-लसीकरण करून परत सोडा, रेबीज झालेली किंवा आक्रमक असतील ती सोडू नका, असं सांगितलं. त्यात प्राणिप्रेमींना कुत्री दत्तक घेण्याचीही वाट ठेवली, अट ही की ती पुन्हा रस्त्यावर येता कामा नयेत. तेव्हापासून एक गट म्हणतो, "एवढा पुळका आहे तर घरी न्या", आणि दुसरा गट लगेच फोटो टाकून खरंच घरी नेतो. न्या हो, जरूर न्या! पण मार खाल्लेलं कुत्रं घरी आणणं म्हणजे फोटो नव्हे. पहिल्याच दिवशी मिठी मारलीत तर ती त्याच्या दृष्टीने पकड आहे. चौथ्या दिवशी पाहुणे बोलावलेत तर तो छळ आहे. त्याला एक कोपरा द्या जिथे कोणी हात घालणार नाही, जेवणाच्या वेळा ठरवा, आणि काही महिने त्याच्याकडून काही म्हणजे काहीही मागू नका. मी रात्री अकराला फोन हातात घेतला होता, तुम्हीही घ्याल. त्या रात्रीची तयारी नसेल तर कृपा करून आणू नका. महिन्याभराने परत केलेल्या कुत्र्याला 'आपल्या करण्याने काही बदलत नाही' याचा आणखी एक पुरावा मिळतो.

कायद्याचंही सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० चा. मारहाण, तोकड्या साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं, सगळं त्याच्या कलम ११ मध्ये गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. साठ-पासष्ट वर्षांत आकडा हललेला नाही. आमच्या टपरीवर दोन कटिंग आणि एक क्रीमरोल पन्नासात येत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, प्राण्याला मारून टाकलं, विष दिलं किंवा अपंग केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. पण नुसतं रोज बदडणाऱ्याला पन्नास रुपये. भिंगरीला तार कोणी बांधली ते कधी कळलं नाही. कळलं असतं तरी पन्नासाची नोट काढून तो सुटला असता, आणि वर म्हणाला असता, धाक लागतो हो, नाहीतर ऐकत नाहीत.

आता तीर्थरूप. बाबा सातारा जिल्ह्यात पस्तीस वर्षं शिक्षक होते, आता निवृत्त. जानेवारीत माझ्याकडे राहायला आले होते. सकाळी पेपर वाचून झाला, त्यांनी तो सवयीने गुंडाळला आणि उठले. भिंगरी समोरच होती. ती आडवी झाली आणि मुतली. बाबा गोंधळून म्हणाले, "अरे, मी काहीच केलं नाही तिला!" मी म्हटलं, "तुम्ही नाही बाबा. कोणीतरी केलंय." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेपर उलगडून टीपॉयवर सपाट ठेवला.

त्यांना जे बोललो नाही ते इथे लिहितो. बाबा, तुमच्या लाकडी फूटपट्टीखाली मी सतराचा पाढा शिकलो हे खरं आहे. पण त्याच फूटपट्टीखाली मी प्रगतिपुस्तकावर तुमची सही करायलाही शिकलो. सातवीत दोनदा केली, तुम्हाला आजतागायत माहीत नाही. दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिले तेव्हा चार महिने मी घरी खोटं बोललो आणि त्या चार महिन्यांत होस्टेलच्या खोलीत माझी काय अवस्था होती ते मी कोणालाच सांगू शकलो नाही, कारण गुरगुरायचं नाही हे मी लहानपणीच पक्कं शिकलो होतो. सगळे म्हणायचे, किती शहाणा मुलगा आहे मास्तरांचा. शाळेतली छडी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केली. घरातल्या फूटपट्टीला तसं थेट कलम नाही. म्हणून भाच्याच्या बाबतीत तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतो : नको.

आणि टीम लीड साहेब, तुमच्यासाठी एकच आठवण. मागच्या रिलीजला तो फ्रेशर पोरगा प्रॉडक्शनचं चुकीचं टेबल अपडेट करून बसला होता. पाचव्या मिनिटाला त्याला कळलं होतं. तुम्हाला कळलं सहाव्या तासाला. मधले पावणेसहा तास तो एकटा तुमच्या धाकाने ते निस्तरत बसला होता आणि आणखी बिघडवत होता. क्लायंटला आपण कारण दिलं, 'मानवी चूक'. चूक पाच मिनिटांची होती, बाकीचा धाक होता.

भिंगरी 'बरी' झाली का? नाही. काठी घेतलेला वॉचमन दिसला की अजून रस्ता बदलते. छत्री उघडली की पळते. काही गोष्टी तिच्यात तशाच राहतील, आणि मी काही त्या पुसायला बसलेलो नाही. पण आज सकाळी मी तिची नखं कापत होतो. तीन कापून झाली, चौथ्याला तिने माझ्याकडे बघितलं, ओठ किंचित वर केला आणि गुरगुरली. हळू, पण स्पष्ट. मी नेलकटर खाली ठेवला आणि म्हटलं, "बरं बाई, उरलेली उद्या." तिने पंजा काढून घेतला, दोन मिनिटं लांब जाऊन बसली आणि मग परत येऊन माझ्या मांडीशेजारी आडवी झाली.

काका, सोमवारी लिफ्टमध्ये भेटलात की हे सगळं तुम्हाला सांगायचं ठरवलंय. एवढं तोंडावर बोलायला जमेल की नाही माहीत नाही, दुसऱ्या गटातला आहे ना मीही. पण निदान 'हं' म्हणणार नाही.

चहा गार झाला. असो.